सर सरळ बघत नाहीत

१२ नोव्हेंबर १९८३

अमेरिकेहून फिल्म आली! माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांनी, घोरमाडे सरांनी, एप्रिलमध्ये पत्र घातलं होतं, मी तर आशाच सोडली होती. पाकीट विभागाच्या ऑफिसात शोभाताईंनी फोडलं. त्या क्लार्क आहेत, फिजिक्सशी त्यांचा काही संबंध नाही, तरी सरांचं सगळं टपाल त्याच फोडतात आणि सरांच्या खोलीत दार लोटून त्यांना वाचून दाखवतात. सरांना स्वतः वाचायला काय होतं कोण जाणे. मोठ्या माणसांचे थाट.

आमच्या दोन दीर्घिका एकमेकींत शिरताहेत. प्रत्येकीच्या पोटात एक कृष्णविवर असतं असं मानतात. ते दिसत नाही. पण त्यात वायू पडू लागला की पडता पडता इतका तापतो की क्ष-किरण फेकतो. अशा विवराला आम्ही 'जागं' म्हणतो. साधा उजेड मधल्या धुळीत अडकतो, क्ष-किरण पार येतात. म्हणून एका उपग्रहानं क्ष-किरणांत घेतलेलं चित्र मागवलं होतं. उपग्रह दोन वर्षांपूर्वी बंद पडला, चित्रं राहिली. पारदर्शक फिल्म आहे, तिच्यावर बारीक काळे ठिपके. एक ठिपका म्हणजे तिथून इथवर पोचलेला एक कण. फिल्म साध्या फोटोवर ठेवायची आणि ठिपके कुठे दाटतात ते बघायचं.

एका दीर्घिकेच्या मध्यावर दाट पुंजका होता. तो असणारच होता. पण दुसरीच्या मध्यावरही आहे! अकरा ठिपके. तेवढ्या जागेत उगाच पडायचे तर दोन-तीन पडतात, अकरा नाही पडत. दोन्ही विवरं जागी आहेत. माझ्या वाचनात तरी असं कुणी पाहिलेलं नाही.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "टक्कर झाली म्हंतं, तं कोणी मेलं काय?"

"नाही वं माय. ताऱ्यांच्या मधात लय जागा राहते. एकमेकांच्या बाजूनं निघून जातात."

"मंग टक्कर कायची? हे तं बर्डीच्या बाजारात गर्दीतून चालल्यासारखं झालं."

बाबा गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या गाठी वाहून आले की तासभर बोलत नाहीत. आज बोलले. "छापून येईन का?"

"येईल."

"पुरं नाव लिहाले सांगजो. विशाखा आनंदराव गजभिये."

१४ नोव्हेंबर

सरांनी फोटो खिडकीच्या काचेवर टेकवून त्यावर फिल्म धरली. उलटी धरली. आकाशाच्या नकाशात उत्तर वर ठेवली की पूर्व डावीकडे येते, कारण आपण खालून वर बघत असतो. हे मला पहिल्या आठवड्यात सरांनीच शिकवलं. कोपऱ्यात मी शाईनं बाण काढला होता, तो भलतीकडे गेलेला मला दारातून दिसत होता. सर मात्र तसेच उभे. मान वळवून, बाहेरच्या कडुलिंबाकडे बघितल्यासारखं.

मग म्हणाले, "एकच आहे."

"सर, दुसरा..."

"मले एकच दिसून राहिला. त्याच्यावरच काम कर."

फिल्म उलटी ठेवली की माझे अकरा ठिपके दुसऱ्या दीर्घिकेवर पडतच नाहीत, मोकळ्या आभाळात पडतात. वीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक होते?

आणखी एक गोष्ट, जी आजवर लिहिली नाही. बोलताना सर माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. माझ्या कानामागे कुठेतरी बघतात. वर्ष झालं, मी बघते आहे. शाळेत एक बाई होत्या, मला वरून पाणी ओतताना अशाच दुसरीकडे बघायच्या.

१९ नोव्हेंबर

ओमप्रकाश सरांकडे पीएच.डी.ला माझ्या दोन वर्षं आधी लागला. घरचा काटोलचा, संत्र्यांचे व्यापारी. त्याला विभागातलं सगळं कळतं.

"का वं विशाखा, तोंड काहून पाडून बसली? सरनं झापलं काय?"

मी सांगितलं. तो हसला. "तुले समजत नाही काय? दुसरा पुंजका तू पाह्यला. आता सर म्हणतीन, नाहीच आहे. सहा महिन्यानं सरचा पेपर येईन, दोन पुंजकेवाला. नाव एकच राहीन."

"सर तसे नाहीत."

"मी कुठं म्हंतो आहेत? मी म्हंतो, ध्यान ठेव."

ओमप्रकाश तोंडावर बोलतो म्हणून मला बरा वाटतो. यात त्याला स्वतःला काही मिळायचं नाही.

२८ नोव्हेंबर

आज चपराशी सुट्टीवर होता. चहा मी आणला. सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. काही न बोलता कप टेबलावर, त्यांच्या हाताशी ठेवला आणि बाहेर आले. तासाभरानं गेले तर कप तसाच, वर साय धरलेली. शोभाताई आल्या, "सर, चहा ठेवला आहे हं," म्हणाल्या आणि दुसरा कप ठेवला. तो सर प्यायले.

मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. मनाचे खेळ म्हणून सोडून देणार नाही.

२ डिसेंबर

सर स्वतःहून म्हणाले, "त्या दुसऱ्या जागेचं चित्र काढ. कार्डशीटवर. ठिपका वाटाण्याएवढा पाहिजे. जाड काळ्या शाईनं."

एकच आहे म्हणता, मग दुसऱ्या जागेचं चित्र कशाला? काढलं. मग म्हणाले, "आता फिल्मवरचे मोजून दाखव. मोठ्यानं." मी बोट ठेवत एक एक मोजला. सर डोळे मिटून ऐकत होते, पाठ करत असल्यासारखे. जाताना कार्डशीट गुंडाळून घरी घेऊन गेले.

ओमप्रकाशला सांगितलं. त्यानं नुसत्या भुवया वर केल्या.

११ डिसेंबर

फिल्म घरी आणली. भिंतीवर माझी डिग्री फ्रेम करून लावली आहे, तिच्यामागे सरकवली.

आईनं पाहिलंच. "काहून वं, डिग्री काहून खाली काढून राहिली?"

"धूळ झाली होती."

"सकाळीच तं पुसली मी."

आईशी खोटं बोलायची वेळ सरांनी आणली.

१३ डिसेंबर

सरांनी विचारलं, "फिल्म कुठं आहे?" मी म्हटलं, "माझ्या कपाटात." दुपारी ओमप्रकाश धावत आला. "अवं, सर तुह्यं कपाट चाचपून राहिले होते! एक एक कागद हातानं चाचपत." चाचपत, हा त्याचाच शब्द.

म्हणजे चोरी करण्यापर्यंत आलं. संध्याकाळी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "तू सरले विचारलं काय, काहून म्हणून?" मी म्हटलं, चोराला विचारायचं असतं का? बाबांनी पाय धुतले आणि जेवायला बसले.

५ जानेवारी १९८४

मार्चमध्ये खगोलशास्त्राची परिषद आहे. विभागाकडून आमच्या कामाचा सारांश जायचा होता. मी दोन पुंजक्यांचा लिहून दिला होता. आज ऑफिसात प्रत पाहिली. शोभाताईंनी टाइप केलेली, सरांची सही. त्यात 'एका केंद्रातून क्ष-किरण' एवढंच आहे. दुसरं केंद्र गायब.

सही ठरलेल्या रेघेच्या बोटभर वर, तिरपी. घाईत उरकलेली.

मी शोभाताईंना विचारलं, "हे सरांनीच सांगितलं का?"

त्या म्हणाल्या, "बाई, तू सरांशी बोल. मी काय सांगू?" आणि टाइपरायटरवर कापड टाकलं. त्याही सामील आहेत.

माझं दोन वर्षांचं काम आहे. दुसरं केंद्र काढलं तर त्यात नवं काहीच उरत नाही. उद्या दुसऱ्या कुणी ते छापलं की मी आयुष्यभर सांगत फिरायचं, आधी मी पाहिलं होतं. कोण ऐकणार आहे?

९ जानेवारी

विभागप्रमुखांकडे तक्रार दिली. सगळी मीच लिहिली. ओमप्रकाशनं फक्त एक वाक्य सुचवलं, की मी मागासवर्गीय असल्यामुळे सर मला डावलत आहेत. मी क्षणभर थांबले होते. मग चहाचा कप आठवला आणि लिहिलं.

"विचार नको करू," ओमप्रकाश म्हणाला. "सरचे तास कोण घेईन याची चिंता तं मुळीच नको करू."

मी ती करतच नव्हते.

१८ जानेवारी

जिंकले.

विभागप्रमुखांच्या खोलीत सर, मी, शोभाताई टिपणं घ्यायला, आणि दुसऱ्या विभागाचे एक प्राध्यापक. माझी तक्रार वाचली गेली. मागासवर्गीय शब्द आला तेव्हा सरांनी मान वर केली, माझ्या दिशेनं, पण तेव्हाही माझ्याकडे नाही, माझ्या बाजूला.

मी फिल्म आणि फोटो टेबलावर ठेवले, नीट जुळवून. विभागप्रमुख म्हणाले, "घोरमाडे, वाद कायले पाहिजे? समोर आहे. पाहा अन् सांगा, एक का दोन?"

सर बराच वेळ वाकून होते. मान तिरपी, डोळे टेबलाच्या कडेवर. त्या दुसऱ्या प्राध्यापकांनी माझ्याकडे बघून ओठ आवळले. ज्याच्या मनात पाप असतं त्याला समोरची गोष्ट बघवत नाही, असंच त्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं.

मग सर म्हणाले, "दोन आहेत."

"मंग एक काहून पाठवलं?"

"चूक माही आहे."

"मुद्दाम केलं?"

शोभाताईंचं पेन थांबलं. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही..." सर म्हणाले, "शोभाताई, तुम्ही लिहा. मुद्दाम केलं असं लिहा."

माझं मार्गदर्शन आता विभागप्रमुख करतील. परिषदेला दुरुस्त सारांश जाईल, दोन केंद्रांचा. सरांना लेखी ताकीद, आणि एम.एस्सी.चे त्यांचे तास तूर्त ओमप्रकाशला. ओमप्रकाश माझ्यासाठी कोथिंबिरीनं भरलेली गरम सांबारवडी घेऊन आला. माझ्या विजयाचा त्याला इतका आनंद झाला होता की दोन त्यानं स्वतःच खाल्ल्या.

बाबांना सांगितलं. "बरं झालं," म्हणाले. मग म्हणाले, "माणूस लगेच कबूल झाला? भांडला नाही?"

१९ जानेवारी

सरांच्या खोलीची एक किल्ली माझ्याकडे होती. ती परत करायला दुपारी गेले. दार उघडं होतं. सर खुर्चीत, समोर टेबल रिकामं. मी उंबऱ्यात उभी राहिले. काय म्हणून सुरुवात करावी कळेना, म्हणून गप्प राहिले. व्हरांड्यातला उजेड माझ्या पाठीमागून येत होता.

सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "या शोभाताई."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते बोलू लागले.

"काल दोन म्हटलं तं तुम्हाले नवल वाटलं असंन. मले काय दिसते? जिथं पाहावं तिथंच काळं. बाजूचं थोडं दिसते, मधातलं गेलं. पण त्या दिवशी तिनं माह्यासमोर मोजले, अकराच्या अकरा. कुठं अडली नाही, कुठं घाई केली नाही. म्हणून म्हटलं दोन."

मी उभीच.

"ते कार्डशीट घरी नेलं, उन्हात धरून धरून पाह्यलं. दिसले ठिपके. पण ते तिनं काढलेले. फिल्मवर मी पाह्यल्याशिवाय सही कशी करू? अन् पाहू कसा? याच्यातच पोरीचे दोन महिने घालवले. तिनं केलं ते बरोबरच केलं."

पुढे म्हणाले, "ते जातीचं तेवढं लागलं मले. पण तिले तसं काहून वाटलं असंन, तेही समजते." मग आवाज खाली आणला. "तुम्ही कोणाले बोलू नका. तिले तं नाहीच. रिटायर व्हायले तीन वर्षं राह्यले आहेत. डोळ्याचं समजलं तं मेडिकल बोर्डासमोर उभं करतीन अन् घरी बसवतीन. पोरीचं काम दाबलं म्हणतात, म्हणू द्या. त्यानं नोकरी जात नाही."

मी एक शब्द बोलले असते तर त्यांना कळलं असतं, कुणाजवळ बोलले ते. मी मान हलवली. ती त्यांना दिसली नसणार. किल्ली तशीच मुठीत घेऊन परत आले.

कप मी न बोलता ठेवला होता.

२१ जानेवारी

दोन दिवस विचार केला. खरं सांगितलं तर सरांची नोकरी जाते. नाही सांगितलं तर माझ्या सहीचं खोटं त्यांच्या नावावर राहतं. तिसरा रस्ता म्हणून आज विभागप्रमुखांकडे गेले आणि तक्रार मागे घेते म्हणाले.

"कारण?"

"माझा गैरसमज झाला होता."

"कोणता? तो तं स्वतः कबूल झाला."

ते पुढे वाकले. "घोरमाडेनं धमकी देल्ली काय? घाबरू नको. सांग मले." नाही म्हटलं तर त्यांचा संशय आणखी पक्का झाला. म्हणाले, असं असेल तर प्रकरण वरपर्यंत नेऊ. मी घाईघाईनं म्हटलं, "नको, तक्रार राहू द्या." सोडवायला गेले आणि गाठ आणखी आवळून आले.

बाहेर ओमप्रकाश. "काय वं, पलटली काय? सरनं काही देल्लं का?" हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते. त्याच्या हातात सरांची शिकवण्याची पुस्तकं होती. त्याला माझी काळजी वाटत असेल.

निदान तक्रारीतल्या त्या जातीच्या वाक्यावर काट मारायला तरी सांगायचं होतं. तेही राहिलं.

२७ जानेवारी

शोभाताईंना सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. त्यांनी डबा उघडला, अर्धी पोळी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "आता तू अन् मी. तिसरा नको."

२ फेब्रुवारी

दुरुस्त सारांश आणि पूर्ण निबंध, दोन्ही लिहून झाले. विभागप्रमुख म्हणाले होते, घोरमाडेचं नाव काढून टाक. मी काढलं नाही. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, फिल्म सरांच्या पत्रामुळे आली. हे खरंच आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू ही मुलगी एक तर भित्री आहे किंवा सरांना मिळालेली आहे.

दुपारी सरांच्या घरी गेले. पहिल्यांदाच. दार सरांच्या पत्नी कौशल्याकाकूंनी अर्धं उघडलं. मी नाव सांगितलं. त्यांनी दार तेवढंच उघडं ठेवलं, आणखी उघडलं नाही.

"आता काय राह्यलं वं बाई?"

आतून सर म्हणाले, "येऊ दे तिले."

वाटेत वाक्य पाठ केलं होतं. "सर, निबंध लिहिला आहे. मला मोठ्यानं वाचल्याशिवाय माझ्या चुका सापडत नाहीत. तुम्ही ऐकाल का?"

सरांची मान माझ्या आवाजाकडे वळली. त्यांना काय कळलं आणि काय नाही, मला सांगता येणार नाही. शोभाताई बोलल्या असतील का, असा संशय आला असेल का, तेही नाही.

"बस," म्हणाले. "वाच."

मी आधी नावं वाचली, माझं, मग त्यांचं. काकू आत जायच्या थांबल्या. निबंध इंग्रजीत, मध्ये मध्ये सर मराठीत विचारत होते. फोटो कोणत्या दुर्बिणीचा, फिल्म जुळवताना कोणते तारे धरले, दिशा तपासली का. "फिल्म उलटी तं ठेवली नाही ना?" मी म्हटलं, "नाही सर." त्यांनी दोनदा विचारलं.

शेवटचा परिच्छेद आला. दुसऱ्या दीर्घिकेच्या केंद्रातही जागं कृष्णविवर आहे, असं माझं वाक्य होतं.

"थांब. 'आहे' लिहिलं?"

"हो सर."

"अकरा ठिपके आहेत वं तुह्याजवळ. पोतंभर नाहीत. नवे तारे जन्मताना क्ष-किरण येतात. मागचं भलतंच काही त्याच रेषेत आलं असंन. 'आहे' नको. 'असावं' लिही."

"पण सर, मला खात्री आहे."

"मलेही आहे. म्हणूनच म्हंतो."

काकूंनी पाण्याचा तांब्या आणून आमच्या मध्ये ठेवला आणि सरांचा हात धरून त्यावर टेकवला, माझ्यासमोर. मी खाली कागदाकडे बघितलं. इंग्रजीतलं 'आहे' खोडलं, वर 'असावं' लिहिलं, आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तक्रारीतलं माझं प्रत्येक वाक्य 'आहे'नं संपत होतं.